टाळूचं कातडं

माझे वरचे पुढचे दोन दात सगळ्यात आधी झिजले. मी लग्नाच्या बँडमध्ये आहे, नांदेडला, गेली चौतीस वर्षं, आणि क्लॅरोनेट वाजवतो. हे वाद्य तोंडात धरलं की त्याचा काळा निमुळता भाग खालून ओठावर टेकतो आणि वरून दातांवर. फुंकलं की तो थरथरतो आणि ती थरथर दातांतून पार डोक्यात जाते. रोज एकाच जागी टेकून दातांच्या कडा झिजत जातात. आमच्या घरात ह्याला कोणी दुखणं समजत नव्हतं. उलट कडा झिजल्या म्हणजे वाद्य बसलं, असं मानायचे.

ज्यानं मला हे वाद्य शिकवलं तो माझा थोरला भाऊ. आम्ही सगळे त्याला भाई म्हणतो. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठा, आणि बँड त्याचाच. घरात आम्ही दखनी बोलतो, पण माझी शाळा मराठी झाली आणि लिहायचं म्हटलं की हीच भाषा हाताला येते, म्हणून भाईचं बोलणंही इथं मराठीतच लिहितो.

भाईचे दात पन्नाशीच्या आत गेले. हलायला लागले तसा तो एकेक काढून घेत गेला. शेवटचे सहा एकाच दिवशी काढले आणि मग कवळी बसवली. कवळीवर क्लॅरोनेट टिकत नाही. फुंकर मारली की वरची कवळी निसटते आणि सूर फाटतो. त्यानं महिनाभर खटपट केली. नंतर भोकरच्या एका लग्नात, ऐन मांडवाच्या दारात, त्यानं क्लॅरोनेट माझ्या हातात दिलं आणि माझ्या हातातली झांज घेतली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. तेव्हापासून भाई झांज वाजवतो, पुढं चालतो, गिऱ्हाइकांशी बोलतो, आणि क्लॅरोनेट मी वाजवतो.

माझं दुखणं हिरड्यांपासून कळलं. आरशात बघितलं तर दात लांब झाल्यासारखे दिसायचे, म्हणजे हिरड्या वर सरकल्या होत्या आणि दातांची पिवळसर मुळं उघडी पडली होती. त्या पिवळ्या भागावर आडव्या खाचा. नख फिरवलं तर नख अडकायचं. गार पाणी सोसेना, हे तर सगळेच सांगतात. मला वारा सोसेना. वाजवताना आम्ही तोंडाच्या कोपऱ्यांतून झटकन श्वास ओढतो. माघातल्या सकाळी परण्या निघालेला असतो, म्हणजे नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या पाया पडायला वाजतगाजत जातो, आणि तेव्हाची गार हवा उघड्या मुळांना लागली की डोळ्यांत पाणी यायचं. लोकांना वाटायचं, मास्तर गाण्यात रंगला. मी दोन वर्षं तसाच वाजवत राहिलो. कंटाळा इतका होता की दुखण्याकडे बघायचाही कंटाळा यायचा.

शेवटी बायकोनं नेलं. तिचं म्हणणं होतं की मी झोपेत दात खातो, आणि तो आवाज तिला आता ऐकवत नाही. कोणावर दात खाता, असं ती कधीकधी विचारायची. कोणावरही राग नव्हता. दमलो होतो, एवढंच.

नांदेडला एका औषधाच्या दुकानावर, माडीवर, एक तरुण डॉक्टरीणबाई बसतात. त्यांनी तोंडात आरसा घालून बराच वेळ बघितलं आणि मग हातात एक कोरा ब्रश देऊन म्हणाल्या, रोज घासता तसं घासून दाखवा. मी दाखवलं. लहानपणापासून मला दात स्वच्छ ठेवायचं वेड होतं. लाल मंजन बोटानं चोळायचो, मग बाजारातला सगळ्यात कडक ब्रश घेऊन आडवा घासायचो, पितळी तपेली घासतात तसा. लोकांसमोर वाजवणाऱ्याचे दात पिवळे नसावेत, असं मला वाटायचं. बाईंनी माझा हात मध्येच धरला.

"काका, तुम्ही दात घासून राहिले का रंधा मारून राहिले?"

मग त्यांनी समजावून सांगितलं. माझे दात तीन ठिकाणी झिजले होते. पुढच्या कडा वाद्यानं, दाढा झोपेत एकमेकींवर घासून, आणि हिरडीजवळच्या खाचा माझ्याच मेहनतीनं. उजव्या हाताचा माणूस डावीकडचे दात जास्त जोरानं घासतो, म्हणून माझ्या डाव्या बाजूच्या हिरड्या जास्त सरकलेल्या. चाळीस वर्षं जे मी चांगलं म्हणून केलं होतं, त्यानंच हे झालं होतं. हे ऐकून मला राग यायला हवा होता. मी नुसता खुर्चीत पडून राहिलो आणि वरच्या दिव्याकडे बघत राहिलो.

खाचा आजच भरून द्या, असं मी म्हणालो. बाई म्हणाल्या, भरता येतील, पण हिरडी वर सरकतच राहील आणि भरलेलं खाली लोंबकळत राहील. आधी मुळं झाकायला पाहिजेत. ते काम त्या करत नव्हत्या. त्यांच्याबरोबर शिकलेले एक डॉक्टर लातूरला फक्त हिरड्यांचं काम करायचे. ते टाळूच्या आतलं पातळ कातडं काढून हिरडीखाली सरकवतात, हिरडी खाली ओढून त्यावर शिवतात, आणि मग ते तिथं धरतं.

"माझ्याच टाळूचं?" मी विचारलं.

"तुमच्याच. दुसऱ्याचं कशाला चालंल?"

तेव्हा उन्हाळा संपत आला होता. आमच्या धंद्यात आषाढ ते आश्विन लग्नं नसतात, म्हणून पावसाळ्यात सगळं उरकू असं मी ठरवलं. पण ते तसं झालं नाही. लातूरच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं, तर साखर वाढलेली निघाली. साखर खाली आल्याशिवाय मी सुरी लावणार नाही, कातडं धरणारच नाही, असं त्यांनी सांगितलं. मग गोळ्या, चालणं, चहा बिनसाखरेचा. मधल्या काळात नांदेडच्या बाईंनी दात साफ करून दिले, मऊ ब्रश दिला आणि हिरडीकडून दाताकडे हळूच कसा वळवायचा ते शिकवलं. मला चौपन्नाव्या वर्षी दात घासायला शिकावं लागलं. हात जुन्या सवयीनं आडवा जायचा. बायको मोरीच्या दारात उभी राहून बघायची आणि नुसतं खाकरायची. साखर उतरेपर्यंत दिवाळी आली.

भाईला मी तोवर काही सांगितलं नव्हतं. तारीख ठरली तेव्हा सांगावंच लागलं, कारण डॉक्टरांनी दोन महिने फुंकायला मनाई केली होती आणि तुळशीच्या लग्नानंतर आमचा हंगाम सुरू होणार होता. भाई अंगणात बसून चिंच लावून झांज घासत होता. मी सगळं सांगितलं, टाळूचं कातडं, शिवणं, दोन महिने. तो घासत राहिला. मला वाटलं, हंगामाचं काय, असं विचारेल. त्यानं झांज पाण्यात बुडवली, फडक्यानं पुसली, आणि मग बोलला.

"माझे हलत होते तवा मला कुणी सांगितलं न्हाई, की शिवता येतंय."

मी म्हणालो, तेव्हा कदाचित असं काही नसेल. हे खरं होतं का ते मला ठाऊक नव्हतं. अजून नाही. भाई उठून आत गेला. चार दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग त्यानंच देगलूरच्या एका वादकाला फोन करून माझ्या जागी ठरवलं आणि मला सांगितलं, तू जाऊन ये.

लातूरला आम्ही नवरा-बायको सकाळच्या एसटीनं गेलो. लोहा, अहमदपूर, चाकूर, साडेतीन तास. बायको खिडकीशी झोपली. मी तोंड मिटून बसलो होतो, जणू आताच टाके पडलेत.

हे डॉक्टर कमी बोलणारे होते. माझ्या समोरच त्यांनी नांदेडच्या बाईंना फोन लावला आणि माझ्या खाचांबद्दल दोघांचं बराच वेळ चाललं. नंतर त्यांनी मला सांगितलं की खाच अर्धी दाताच्या पांढऱ्या भागात असते आणि अर्धी मुळावर. वरचं-खालचं सगळंच भरून टाकलं तर त्या मसाल्यावर हिरडी नीट चिकटत नाही. काहीच न भरता शिवलं तर खाचेच्या कडेवर हिरडी ताणून बसते आणि फाटते. म्हणून पांढऱ्या भागातली अर्धी खाच तेवढी बाईंनी आधी भरून पाठवली होती, आणि मुळावरची अर्धी हिरडीसाठी मोकळी सोडली होती. डावीकडचे चार दात त्या दिवशी होणार होते. उजवी बाजू नंतर.

सुई टोचल्यानंतर दुखलं नाही. पण आवाज सगळे कळतात. टाळूतून काहीतरी सोलल्यासारखं झालं. डॉक्टरांनी चिमट्यात तो तुकडा धरून क्षणभर उजेडात बघितला, आणि मलाही दिसला. फिकट, ओलसर, करंगळीच्या नखापेक्षा थोडा लांब. एवढाच असतो, असं मला वाटलं. माझा सगळा हंगाम त्याच्यावर अडला होता. त्यांनी त्याचे भाग केले आणि बारीक दोऱ्यानं शिवत गेले. दीड तास. शेवटी म्हणाले, "चाचा, आता दोन महिने फुंकायचं न्हाई. चहासुद्धा फुंकून प्यायचा न्हाई. चूळ जोरात भरायची न्हाई. ओठ वर करून आरशात बघायचं न्हाई. समदं विसरून जा."

विसरणं सगळ्यात अवघड गेलं. टाळूची जखम हिरडीपेक्षा जास्त दुखायची. जीभ सारखी तिथंच जायची. पहिले दोन दिवस बायकोनं गार दूध आणि दह्यात कुस्करलेला भात दिला, मग कोमट खिचडी, मग पातळ वरणात भिजवलेली भाकरी. घरातली सगळी चुलीजवळ कुरकुरीत भाकरी खायची आणि मी कोपऱ्यात वाटी घेऊन बसायचो. बोलणं कमी झालं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. चौतीस वर्षांत कार्तिकात मी कधी दुपारचा झोपलो नव्हतो. डोळा लागला की लागायचा, आणि उठल्यावर अंग आणखी जड. इतका थकवा साचलेला होता हे मला माहीतच नव्हतं.

चौदाव्या दिवशी टाके काढले. डॉक्टर म्हणाले, धरलंय, पण कच्चं आहे.

जळकोटला एका शेतकरी घरचं लग्न होतं. त्या घरात नवरदेवाच्या बापाच्या लग्नात भाईनं क्लॅरोनेट वाजवलं होतं, तीस वर्षांपूर्वी. त्या माणसानं पोराच्या लग्नाला डीजे नको म्हणून घरात भांडून आमचा बँड सांगितला होता आणि भाईनं त्याला शब्द दिला होता. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी देगलूरच्या वादकाचा फोन आला. त्याचे सासरे वारले होते. भाई म्हणाला, तू तिकडं जा, इकडचं आम्ही बघतो. फोन ठेवल्यावर त्यानं चार ठिकाणी विचारलं. तिथी मोठी होती, सगळे गुंतलेले. मग त्यानं माझ्या पेटीतून क्लॅरोनेट काढलं, टोकाची वेताची पत्ती ओली करून बसवली, आणि मला सांगितलं की उद्या तू फक्त झांज धरायला चल.

माझ्या शस्त्रक्रियेला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.

जळकोटला परण्या दहाच्या सुमाराला निघाला. नवरदेव घोड्यावर, पुढं आम्ही, आमच्या पुढं नाचणारी पोरं. भाईनं पहिलं गाणं धरलं आणि दुसऱ्याच ओळीला कवळी निसटली. आवाज फाटला. पोरं नाचायची थांबून मागं बघायला लागली. भाईनं रस्त्याच्या मधोमध तोंडाशी रुमाल धरला, कवळी काढली, रुमालात गुंडाळून ड्रेसच्या खिशात घातली आणि क्लॅरोनेट पुन्हा तोंडाला लावलं. त्याचे गाल आत गेले होते. दोन्ही ओठ आत वळवून त्यानं ते काळं टोक नुसत्या ओठांत धरलं होतं.

आवाज आला. बारीक, हवा मिसळलेला, पण सुरात. मी वीस वर्षांनी भाईचं क्लॅरोनेट ऐकत होतो. माझ्या हातातली झांज दोनदा चुकली. कोणीतरी पाव्हणा ओरडला, मास्तर, आवाज येईना की. नवरदेवाच्या बापानं त्याला हात करून गप्प बसवलं आणि तो भाईच्या बाजूनं चालायला लागला.

मारुतीच्या देवळाला शंभर-सव्वाशे पावलं राहिली असतील, तिथं भाईचा दम संपला. अडुसष्टचं वय. त्यानं वाद्य तोंडातून काढलं नाही, पण सूर थांबला. नुसता ढोल-ताशा चालू राहिला. भाई पुढं बघत उभा होता. त्याची बोटं भोकांवरच होती. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर कदाचित मी नाही म्हणालो असतो.

मी झांज त्याच्या काखेत दिली आणि क्लॅरोनेट त्याच्या हातातून घेतलं. पत्ती त्याच्या थुंकीनं गरम होती. देवळापर्यंत वाजवलं, आणि नवरदेव पाया पडून येईपर्यंत देवळासमोर वाजवलं. पाव तास झाला असेल. दुखलं नाही. बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. महिनाभरात पहिल्यांदा मला जड वाटत नव्हतं. शेवटी शेवटी तोंडात खारट लागायला लागलं. मी वाद्य खाली केलं आणि परतीचा रस्ता आम्ही नुसत्या ढोलावर काढला. नवरदेवाच्या बापानं काही तक्रार केली नाही. जेवायला बसताना त्यानं भाईला आपल्याजवळ बसवलं आणि त्याच्यापुरता भात मऊ करून आणायला सांगितलं.

जीपमधून येताना आम्ही दोघं शेजारी होतो. भाईनं उदगीर फाट्यापर्यंत कवळी घातली नाही. मग घातली आणि म्हणाला, "मी मागितलं नव्हतं तुला."

"ठाऊक आहे," मी म्हणालो.

सुळ्यावरची हिरडी दुसऱ्या दिवशी सुजली. चौथ्या दिवशी ती वर सरकायला लागली. ओठ वर करून बघायचं नव्हतं, तरी मी बघितलं. बायकोनं माझा चेहरा बघितला आणि न विचारता पिशवी भरली.

लातूरच्या डॉक्टरांनी विचारलं, काय झालं. मी सांगितलं, भाकरीचा कडक पापुद्रा लागला. का खोटं बोललो, सांगता येत नाही. त्या माणसानं दीड तास मान वाकवून शिवलं होतं. बायको भिंतीशी स्टुलावर बसली होती. ती तिथूनच म्हणाली, "वाजवलं त्यांनी. भावासाठी."

डॉक्टरांनी मास्क खाली केला. ते रागावतील असं मला वाटलं. त्यांचे डोळे नुसते दमलेले दिसले, संध्याकाळ झाली होती आणि बाहेर अजून चार जण बसलेले होते. त्यांनी सांगितलं की तीन दातांची धरलीय, ती आता जात नाही. सुळ्याची निम्मी गेली. पुन्हा करता येईल, पण टाळू भरून यायला वेळ द्यावा लागेल, आणि पहिल्यांदा जसं धरतं तसं दुसऱ्यांदा धरेलच असं नाही. सुळ्याचं तूर्त तसंच सोडलं, पण बाकीच्यांसाठी पुन्हा तेच नियम, पुन्हा दोन महिने, पहिल्यापासून मोजायचे. ह्या वेळी मी ते पाळले.

भाई घरी यायचा, माझ्यासमोर बसायचा, चहा घ्यायचा, जायचा. सुळ्याचं त्याला बायकोनं सांगितलं होतं. त्यानं मला त्याबद्दल काही विचारलं नाही. हंगाम त्यानं परभणीच्या एका पोरसवदा वादकावर काढला. मी एकदाही ऐकायला गेलो नाही.

फाल्गुनात मोकळीक मिळाली. नांदेडच्या बाईंनी सुळ्याच्या उघड्या भागावर मसाला भरला, म्हणजे निदान वारा लागणार नाही. पुढच्या दोन दातांच्या झिजलेल्या कडा त्यांनी दोन बैठकांत वाढवून दिल्या. आरशात बघितलं तर मी तरुणपणीच्या फोटोतला दिसलो, वरून केस पांढरे. झोपेत घालायला पारदर्शक पट्टी दिली, दात एकमेकांवर घासू नयेत म्हणून. मग त्यांनी सांगितलं की ह्या वाढवलेल्या कडांवर वाद्य टेकवलं तर त्या वर्षभरात उडतील. मी विचारलं, मग टेकवू कुठं? त्यांनी वाद्याच्या टोकावर एक रबरी चकती चिकटवून दिली आणि म्हणाल्या की जमलं तर वजन दातांवर कमी द्या. कसं, ते त्यांना सांगता येईना. तो त्यांचा विषय नव्हता.

चकती लावून वाजवलं तरी थरथर दातात जायची. दोन दिवस प्रयत्न करून मी वाद्य पेटीत ठेवलं. तिसऱ्या दिवशी दुपारी भाई आला. ढोल ठेवायची आमची एक खोली आहे, तिथं मला घेऊन गेला आणि दार लोटलं. त्यानं कवळी काढली, क्लॅरोनेट घेतलं आणि जळकोटला धरलं होतं तसं धरलं.

"वरचाबी ओठ आत घे," तो म्हणाला. कवळी नसल्यानं शब्द नीट फुटत नव्हते. "दातावर ठेवूच नको. ओठावर ठेव. लई दुखंल आधी."

मी तसं केलं. वरचा ओठ दातांवरून आत वळवला आणि टोक त्यावर टेकवलं. सुरुवातीला नुसती हवा गेली. भाई समोर ढोलावर बसून ऐकत होता. मान हलवायचा, माझी हनुवटी धरून खाली करायचा, ‘पुन्हा’ म्हणायचा. लहानपणी शिकवताना तो बोटांवर छडी मारायचा. आता मारत नव्हता. तासाभरानं एक सरळ सूर निघाला, पूर्वीपेक्षा बारीक आणि थोडा मऊ. डावीकडच्या हिरडीला काही झालं नाही. वरचा ओठ आतून सोलवटला. भाई उठला, कवळी घातली आणि उद्या येतो म्हणाला. तो महिनाभर रोज येत होता.

वैशाखात मी उभा राहिलो. एका परण्यात पंधरा मिनिटं वाजवतो, मग परभणीवाल्याच्या हातात देतो आणि झांज घेतो. ओठ तेवढंच सोसतो. जुन्या गिऱ्हाइकांपैकी एकदोघांनी विचारलं, मास्तर, आवाज बारीक झाला का? हो म्हणालो. बाकीच्यांना कळत नाही. शेजारच्या मांडवात डीजे असला की कोणालाच काही कळत नाही.

दात आता वाऱ्याला झिणझिणत नाहीत, डावीकडचे तरी. सकाळ-संध्याकाळ मऊ ब्रश हळूच फिरवतो, आणि अजूनही हात आडवा जातो तो वळवून घेतो. झोपताना पट्टी घालतो. बायको म्हणते, आता पट्टी करकरते, पण दातांपेक्षा बरी.

गेल्या महिन्यात लातूरला दाखवायला गेलो तेव्हा भाई स्वतःहून बरोबर आला. माझं बघून झाल्यावर डॉक्टरांनी त्यालाही खुर्चीत बसवलं. कवळी काढून खालची-वरची हिरडी दाबून बघितली. म्हणाले, दात गेल्यानंतर आतलं हाड झिजत जातं, म्हणून कवळी ढिली झालीय. नवी करून मिळेल, घट्ट बसेल, पण क्लॅरोनेटला चालेल असं मी सांगत नाही. भाईनं ऐकून घेतलं आणि बघू म्हणाला. मग त्यांनी मला उजव्या बाजूचं विचारलं. ह्या पावसाळ्यात करून टाकू का, साखर बरी आहे. मीही बघू म्हणालो.

बाहेर ऊन होतं. स्टँडवर नांदेडची गाडी लागलेली नव्हती. भाईनं बाकावर जागा धरली, मला बसवलं आणि गाडी कधीची आहे ते विचारायला खिडकीकडे गेला. रांग मोठी होती. तो शेवटी जाऊन उभा राहिला.